रेघेखालची लाट

गॅनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड
९ फेब्रुवारी २००९

प्रिय लोरेटा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. उचलला असतास तरी हे मला फोनवर बोलता आलं नसतं. आई म्हणते, "इतक्यात कळवू नकोस तिला. तिचं बाळ जाऊन वर्षही झालं नाही." मग कधी कळवू? पोर शाळेत जायला लागल्यावर?

मला दिवस गेलेत. आठवा आठवडा आहे. सकाळी चहाचा वास आला तरी पोटात ढवळतं, आणि या घरात चहाचा वास नाही अशी वेळ कुठली सापडायची? ॲम्ब्रोजला कळलं तेव्हा तो बोट रंगवत होता. ब्रश हातातच राहिला आणि सगळा रंग बुटावर. आता गावभर एक पाय हिरवा घेऊन फिरतो. कुणी विचारलं तर म्हणतो, "बाप होणाऱ्यांची हीच खूण आहे."

इथली नर्स म्हणाली, बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी करायची. त्यासाठी बोटीने पलीकडे आणि मग दोन तास गाडीने शहराच्या इस्पितळात जावं लागतं. एवढं जायचंच, तर मी सरळ सेंट जॉन्सला तुझ्याकडे आले तर? तू अठरा वर्षं हेच करतेस. आमच्या बाळाला पहिल्यांदा त्याच्या मावशीनेच बघावं असं मला वाटतं. नको वाटत असेल तर स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

तुझी,
जोसी

सेंट जॉन्स
१७ फेब्रुवारी २००९

प्रिय जोसी,

पत्र मिळालं. अभिनंदन. ॲम्ब्रोजलाही सांग.

इकडे येऊ नकोस. नात्यातल्या बाईची सोनोग्राफी आम्हाला करता येत नाही, तसा नियम आहे. शहरातलं इस्पितळ चांगलं आहे. तिथे नवीन यंत्र आलंय असं ऐकलं. जायच्या आधी तासभर चार पेले पाणी पी. तपासणी होईपर्यंत लघवीला जाऊ नकोस. सैल कपडे घाल. तपासणारी बाई बोलली नाही तर घाबरू नकोस. आम्हाला बोलायची परवानगी नसते. काय दिसलं ते डॉक्टरने सांगायचं असतं.

तुमचं लग्न सप्टेंबरात झालं. म्हणजे चार महिन्यांत. मला आणि लिओला सहा वर्षं लागली होती. हे मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं.

दिवसाला मी आठ-नऊ बायका तपासते. बाराव्या आठवड्यात हृदय वाटाण्याहून लहान असतं, तरी त्याचे कप्पे ओळखता येतात. परक्यांची बाळं असतात, म्हणून बघता येतात. लिओ अल्बर्टातच आहे, ईस्टरला येईल. आईला सांग, मी बरी आहे.

लोरेटा

गॅनेट कोव्ह
११ मार्च २००९

प्रिय लोरेटा,

काल जाऊन आले. चार पेले पाणी प्यायले, आणि बोट अशी हलत होती की तुला मनातल्या मनात काय काय नावं ठेवली ते लिहीत नाही.

तपासणारी बाई मिसेस पार्डी. जाडजूड, पन्नाशीची. यंत्र नवं म्हणून तिचाच घाम निघत होता. मी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" बाई मूग गिळून बसल्या. मी म्हटलं, "निदान एक डोकं आहे का ते तरी सांगा!" तर म्हणाल्या, "पोरी, हसलीस की पोट हलतं." तुम्हाला शाळेत दगडी तोंड करायला शिकवतात का गं?

पण लोरेटा, मी बघितलं. पाय झाडत होतं. ॲम्ब्रोज रडला आणि नंतर म्हणाला, सर्दी आहे.

बाईंनी सहा चित्रं छापून दिली. पाच मी ठेवून घेतली. सहावं तुला पाठवतेय, कारण ते काय आहे ते आम्हाला कुणालाच कळत नाही. वर बाळाची अंधुक आकृती आणि खाली नुसत्या टेकड्या, एकीला एक लागून. ॲम्ब्रोज म्हणतो हा हवामानाचा अंदाज आहे, शनिवारी मासेमारीला जाऊ नये. तुझ्याशिवाय कोण सांगणार? डॉक्टरांचा अहवाल यायला दोन आठवडे लागतील.

आईने बाकीची चित्रं बघितली आणि म्हणाली, "छान आहे, पण आता पाकिटात घाल." तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

जोसी

सेंट जॉन्स
१७ मार्च २००९

प्रिय जोसी,

आज सुट्टी आहे, म्हणून लगेच लिहायला बसले. तीनदा लिहून फाडलं.

त्या टेकड्या म्हणजे बाळाच्या हृदयाकडे जाणाऱ्या एका बारीक शिरेतलं रक्त. प्रत्येक ठोक्याला दोन उंच लाटा आणि त्यांच्यामागे एक बुटकी. बुटकी लाटही खालच्या रेघेच्या वरच राहायला हवी. तुझ्या चित्रात ती रेघेखाली गेली आहे. याचा अर्थ, आत येणारं रक्त हृदयाला झेपत नाही आणि ते मागे ढकललं जातं. असं दिसलं तर कधी हृदयाच्या घडणीत दोष असतो, कधी आणखी काही.

हे मी तुला सांगायला नको. सांगितल्याचं कळलं तर माझी नोकरी जाईल. तरी सांगते, त्याचं कारण ऐक. हे मी आजवर लिओलाही सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी बाराव्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दाराला कडी लावून मी स्वतःच्या पोटावर यंत्राचा हातात धरायचा प्रोब ठेवला होता. आमच्यातल्या सगळ्याच जणी तसं करतात. मला ती लाट रेघेखाली दिसली. मी यंत्र बंद केलं, पाव खाल्ला आणि स्वतःला सांगितलं की हात हलला असेल. पुढचे दोन महिने मी बाळाचे मोजे विणले. नंतर काय झालं ते तुला माहीत आहे.

मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारी मीच होते. तू आशा लावून बसू नकोस. मोठ्या डॉक्टरांकडे जा.

लोरेटा

गॅनेट कोव्ह
२५ मार्च २००९

लोरेटा,

तुझं पत्र सोमवारी आलं. मी ते आईसमोर उघडलं आणि आईनेच मला खुर्चीवर बसवलं.

शहरातल्या डॉक्टरांकडे काल गेलो. ते म्हणतात, अहवाल चांगला आहे, बाळाच्या मानेमागचं पाणी, ज्यावरून दोष कळतो म्हणे, जेवढं हवं तेवढंच आहे, ठोके मिनिटाला एकशेसाठ. टेकड्यांचं चित्र अहवालात धरलेलंच नाही, बाईंनी नवं यंत्र करून बघितलं असेल, म्हणाले. मी म्हटलं, "माझी बहीण अठरा वर्षं हे काम करते. ती म्हणते लाट रेघेखाली आहे." त्यांनी अहवाल पुन्हा चाळला. आम्ही बाहेर पडताना म्हणाले, "तुमच्या मनाला शांतता हवी असेल तर सेंट जॉन्सला पाठवतो."

३ एप्रिल, शुक्रवार. तुझ्याच इस्पितळात. पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढणार आणि तपासणार. सुईने क्वचित मूल जातं, असं कागदावर छापलेलं आहे आणि त्याखाली सही करायची. ॲम्ब्रोज म्हणाला, "नको. डॉक्टर ठीक म्हणतात ना?" मी त्याला म्हटलं, लोरेटा चुकत नाही. तो आवाज चढवून म्हणाला, "सगळेच चुकतात, तिला काय पंख आहेत?" लग्नानंतर आमचं पहिलं भांडण. मी सही केली.

मी पोटावर हात ठेवत नाही आता. ठेवला तर सवय होईल असं वाटतं. तू एवढे महिने एकटीने हे कसं काढलंस? मी तुला कधी विचारलंसुद्धा नाही. मला वाटायचं, लोरेटा मुळातच अबोल आहे. आत्ता कळतंय.

जोसी

गॅनेट कोव्ह
७ एप्रिल २००९

प्रिय लोरेटा,

घरी पोचलो. बाळ ठीक, मी ठीक.

शुक्रवारी मी पलंगावर पडले होते, पोटाला ते थंड पिवळं औषध लावून झालं होतं, आणि तू निळ्या गणवेशात आत आलीस. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सुई घालू नका. ते चित्र चुकीचं घेतलेलं आहे आणि मी ते चुकीचं वाचलं." डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. मग त्यांनी स्वतः नीट बघितलं, अर्धा तास, आणि म्हणाले, "यात मला सुई घालण्यासारखं काही दिसत नाही." मी तुझे पापे घेतले. तुझ्या गणवेशाला माझं नाक पुसलं. तू लाकडासारखी उभी होतीस, मला वाटलं लाजलीस.

काल बोटीवर ॲम्ब्रोज कठड्याशी जाऊन उभा राहिला. मग एकच विचारलं, "तिला कळलं कधी?"

मी म्हटलं, "काय कधी?"

"चित्र तिच्याकडे तीन आठवडे होतं, जोसी. चूक तिला त्याच दिवशी सकाळी दिसली का?"

मी म्हटलं, तू माझ्या बहिणीबद्दल असं बोलू नकोस. पण रात्रभर मी ते दिवस बोटांवर मोजत राहिले. म्हणून तुलाच विचारते. तुला कधी कळलं? तू म्हणशील ते मी खरं मानेन.

जोसी

सेंट जॉन्स
१४ एप्रिल २००९

जोसी,

१८ मार्चला. तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत.

मी नव्या मुलींना दर सप्टेंबरला शिकवते. पहिल्याच तासाला सांगते की बाळाची छाती आणि पोट एवढंच पडदाभर मोठं करा. रक्त मोजायला पडद्यावर शिरेवर ज्या दोन बारीक रेघा ठेवतो, त्यांच्यातली फट अगदी लहान ठेवा. फट मोठी राहिली तर शेजारच्या शिरेतलं रक्त त्यात येतं आणि चांगल्या बाळाची लाटही रेघेखाली दिसते. तुझ्या चित्रात बाळ पडद्याच्या एका कोपऱ्यात आहे आणि ती फट दारासारखी उघडी आहे. माझ्या कुठल्याही विद्यार्थिनीने एका नजरेत ओळखलं असतं. मी आदल्या दिवशी सबंध दुपार ते चित्र घेऊन बसले होते आणि मला दिसलं नाही. मला त्या बुटक्या लाटेखेरीज काही बघायचंच नव्हतं.

बुधवारी सकाळी कामावर येताना मी पत्र इस्पितळाच्या दारासमोरच्या पेटीत टाकलं होतं. चूक लक्षात आली तेव्हा ते अजून पेटीतच होतं. पोस्टाची गाडी तीनला येते. आमच्या खोलीच्या खिडकीतून ती दिसते. मी ती येताना पाहिली, माणसाने पिशवी भरताना पाहिली, जाताना पाहिली. त्यानंतर पुढच्या बाईला आत बोलावलं.

तेव्हापासून ३ एप्रिलपर्यंत सोळा दिवस होतात. माझ्याकडे फोन होता. ३१ तारखेला तुझं पत्र आलं, सुईचं. तेव्हाही मी लगेच उचलला नाही. आणखी तीन दिवस गेले.

का, ते लिहिते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते धुण्याच्या यंत्रावर ठेवलं आणि दोन दिवस उघडं ठेवून त्याच्याकडे बघत होते. रोज इतक्या बायका येतात, मला त्यांचा हेवा वाटत नाही. तुझा वाटला. तुला चार महिन्यांत मिळालं, तू त्यावर विनोद करत होतीस, आणि तुला त्याची किंमत माहीत नव्हती. तुला ती कळावी असं मला वाटलं. तुझं बाळ मरावं असं मला वाटलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलंय. पण तू भ्यावंस असं वाटलं. तुझं ते सुईचं पत्र आलं, त्यात तू लिहिलं होतंस की पोटावर हात ठेवत नाहीस, तेव्हा मला बरं वाटलं. वर्षभर मी जिथे होते तिथे कुणी आलं नव्हतं. तू आलीस. मला तुला इतक्यात परत पाठवायचं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी यादीवर तुझं नाव छापलेलं पाहिलं आणि जिना उतरले. सुई नसती तर उतरले असते की नाही, मला सांगता येत नाही.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. वरिष्ठांना मी सगळं लेखी दिलं आहे. त्यांनी मला महिनाभर कामावरून दूर ठेवलं आहे, पुढचं ते ठरवतील.

लोरेटा

गॅनेट कोव्ह
२९ एप्रिल २००९

लोरेटा,

दहा दिवस तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे पडून होतं. ॲम्ब्रोजने वाचलं. तो म्हणाला, "निदान खोटं बोलली नाही." मी म्हटलं, "तिचं कौतुक करायचं असेल तर बाहेर जाऊन कर." गेला बिचारा, आणि पाऊस होता.

तुला वाटतं हेवा फक्त तुला येतो? तू सोळा दिवसांचं लिहिलंस, मी वर्षाचं लिहिते. गेल्या एप्रिलपासून या घरात सगळे हळू बोलतात. माझ्या लग्नात आईने नाचासाठी फिडल वाजवू दिलं नाही. दर रविवारी तुझ्या बाळासाठी मेणबत्ती लागते. माझ्या बाळाची बातमी आली त्या दिवशीही ती लागली, आणि आई म्हणाली, "तुझ्यासाठी वेगळी कशाला, नजर लागेल." मला दिवस गेले ही या घरातली वाईट बातमी होती, लोरेटा. ती तुझ्यापासून लपवायची होती. मला एका मेलेल्या बाळाचा हेवा वाटत होता. हे मी फादरांनाही सांगितलेलं नाही.

पण मी तुला पेटीतून पत्र जाऊ देण्यासारखं काही केलं नाही. ते तू केलंस.

८ मे रोजी हृदयाची मोठी तपासणी आहे, विसावा आठवडा. इथले डॉक्टर म्हणतात एकदा नीट होऊन जाऊ दे. तुझ्याच इस्पितळात. तू यायचंस. प्रोब तुझ्या हातात असणार नाही, तुझी मैत्रीण युनिस करेल, मी फोनवर विचारून घेतलं. तू माझ्या डोक्याशी उभी राहशील, पडद्याकडे पाठ करून. माझं तोंड बघशील. बाकी काही बघायचं नाही. अठरा वर्षं बायकांची तोंडं न बघता काढलीस, एक तास बघ.

जोसी

सेंट जॉन्स
१० मे २००९

प्रिय जोसी,

आज मदर्स डे. शेजारची पोरं सकाळपासून फुलं घेऊन जिना चढताहेत. लिहायला आजचाच दिवस सापडला.

परवा तू मला जिथे उभं केलंस तिथे मी कधी उभी राहिलेले नव्हते. तिथून काहीच कळत नाही. युनिसचा हात थांबला की वाटायचं, का थांबला? तिने कळ दाबली की वाटायचं, काय मोजलं? तू विचारलंस, "बरं आहे का?" आणि युनिस माझ्यासारखीच गप्प राहिली. मग तू माझ्याकडे बघितलंस. मला माहीत नव्हतं, हे तुला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल. मला पहिल्यांदाच खरोखर माहीत नव्हतं.

एक नियम मी मोडला. युनिसने हृदयाचा आवाज चालू केला तेव्हा मी ठोके मोजले. कान बंद करता येत नाहीत. एकशेअठ्ठेचाळीस. नियमित. डॉक्टर यायच्या आधी दहा मिनिटं मला तेवढं कळलेलं होतं आणि मी तुला सांगितलं नाही. या वेळी फक्त यासाठी की ते सांगायचं काम माझं नव्हतं. हा फरक तुला पटेल की नाही, माहीत नाही.

मग डॉक्टर म्हणाले, चारही कप्पे छान, झडपा छान. तू हसलीस. तुझं सबंध तोंड हसलं, अगदी कानापर्यंत. आणि मला हेवा वाटला. आधीइतकाच. मला वाटलं होतं, सगळं लिहून टाकल्यावर तो कमी होईल. नाही झाला. मी तुझं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं ना, ते फार जोरात धरलं. दुखलं असेल. तो हेवाच होता. मी हात काढले नाहीत, एवढंच माझ्याकडून झालं.

माझ्या बाळाचं नाव डेक्लन होतं. लिओला माहीत आहे, आणि आता तुला. त्याला मी सव्वा तास घेतलं होतं. त्याचे कान तुझ्यासारखे होते, जरा पुढे आलेले. मेणबत्ती आईने लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. मला तिची गरज नाही.

नोकरी राहिली. सहा महिने कुणाच्या तरी नजरेखाली काम करायचं आहे. ते बरोबर आहे.

लोरेटा

गॅनेट कोव्ह
१८ मे २००९

प्रिय लोरेटा,

दुखलं. दोन दिवस मान वळत नव्हती. ॲम्ब्रोज म्हणाला, "बहिणीने धरलंय की खेकड्याने?"

आईला मी पेटीचं आणि सोळा दिवसांचं सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. तिला कळलं तर ती आणखी हळू बोलायला लागेल, आणि मी दाराची कडी काढून पळून जाईन. डेक्लन हे नाव मात्र सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिली. मग बाहेर येऊन मोठ्याने म्हणाली, "नाव चांगलं ठेवलं." मोठ्याने म्हणाली, लोरेटा. वर्षात पहिल्यांदा.

सप्टेंबरात येऊ नकोस. पहिला महिना मला एकटीला हवा आहे. मला गावभर मिरवायचं आहे, आणि तू समोर असलीस तर मी मिरवणार नाही. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला ये, लिओ असेल तर त्यालाही आण. हेवा घरी ठेवून ये असं मी म्हणत नाही, तुला ते जमणार नाही.

बाळ तुझ्या हातात देईन. पण मी खोलीतून बाहेर जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

जोसी